प्रयोगवीर हॉल्डेन

पनवेलहून निघणारा गोव्याचा महामार्ग पेण, महाड, चिपळूण अशी गावे मागे टाकीत दक्षिणेकडे उतरत जातो. पावसाळा सरून समुद्र निवळला, म्हणजे शनिवार-रविवारची सुटी साधून या वाटेने मालवण-तारकर्लीकडे जाणाऱ्यांत हल्ली एक निराळा वर्ग दिसू लागला आहे. या मंडळींना समुद्राचा किनारा पाहावयाचा नसतो. समुद्राचा तळ पाहावयाचा असतो. पाठीवर दाबून भरलेल्या हवेचे नळकांडे, तोंडात श्वासाची नळी आणि डोळ्यांवर काचेचा मुखवटा अशा थाटात ती सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात बुडी घेतात आणि खडकांवरील प्रवाळ व त्यांमधून फिरणारे रंगीत मासे पाहून वर येतात. खाली उतरण्यापूर्वी त्यांचे शिक्षक त्यांना दोन गोष्टी बजावून सांगतात. पाण्याखाली श्वास कोंडून धरावयाचा नाही आणि वर येताना घाई करावयाची नाही. बुडी अधिक खोल असेल, तर परतताना पाण्याच्या पृष्ठभागाखाली सुमारे पाच मीटरवर तीन मिनिटे स्वस्थ थांबावयाचे असते.

डोक्यावर उजेड दिसत असताना, नाव हाताच्या अंतरावर असताना, माणसाने मध्येच का थांबावे? हा नियम कोणा एका हुशार माणसाला बसल्याजागी सुचला नाही. तो शोधण्यासाठी कित्येकांनी आपली शरीरे पणाला लावली. त्यांत एक पिता होता आणि त्याचा तेरा वर्षांचा मुलगाही होता. तो मुलगा पुढे जगातील थोर शास्त्रज्ञांत गणला गेला, आणि उतारवयात आपला देश सोडून भारताचा नागरिक झाला. त्याचे नाव जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन. घरी त्याला जॅक म्हणत.

जॅकचा जन्म इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे ५ नोव्हेंबर १८९२ रोजी झाला. त्याचे वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे शरीरशास्त्राचे मोठे अभ्यासक. मनुष्य श्वास कसा घेतो, दूषित हवेत तो का गुदमरतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. हा अभ्यास त्यांनी केवळ प्रयोगशाळेत बसून केला नाही. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की ते तेथे धावत आणि मजूर कशाने मेले याचा शोध घेत. स्फोटाच्या आगीपेक्षा त्यानंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूनेच अधिक मजूर प्राणास मुकतात, हे त्यांनी दाखवून दिले. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. तेव्हा त्यांनी असा उपाय सुचविला की, मजुरांनी कॅनरीसारखा लहानसा पक्षी पिंजऱ्यातून बरोबर न्यावा. चिमुकल्या पक्ष्याचा श्वास जलद चालत असल्यामुळे त्याच्यावर विषाचा परिणाम माणसाच्या आधी होतो. पक्षी मलूल झाला की मजुरांनी माघारी फिरावे. या पक्ष्यांनी पुढे किती खाणकामगारांचे प्राण वाचविले, त्याची गणती नाही.

अशा घरात जॅक वाढला. तिसऱ्या वर्षी तो वाचू लागला होता. त्याच्याविषयी अशी एक गोष्ट सांगतात की, अगदी लहान असताना एकदा पडून त्याचे कपाळ फुटले, तेव्हा वाहणारे रक्त पाहून रडण्याऐवजी त्याने, या रक्तातील द्रव्य कोणत्या वायूशी संयोग पावलेले आहे, असे विचारले. गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असेल. पण त्या घरातील बोलणे कोणत्या विषयांवर चाले, हे तीवरून कळते.

वडिलांनी त्याला खाणीतही नेले. तेथे एका ठिकाणी छताशी ज्वालाग्राही वायू साचला होता. वडिलांनी जॅकला ताठ उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील एक लांबलचक भाषण म्हणावयास सांगितले. थोड्याच ओळी म्हणून झाल्या असतील नसतील, तोच मुलाला धाप लागली, त्याचे पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा मात्र चांगली होती. तेथे पडल्यापडल्या तो शुद्धीवर आला. हा वायू हवेहून हलका असतो आणि वर साठतो, हा धडा तो जन्मभर विसरला नाही. शिकविण्याची ही पद्धत आजच्या पालकांना मानवणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु वडील हॉल्डेन मुलाला जेथे नेत, तेथे ते स्वतः आधी जाऊन आलेले असत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात नद्यांवर मोठमोठे पूल बांधले जाऊ लागले. पुलाचे खांब नदीच्या तळाशी पक्क्या जमिनीवर उभारावे लागत. त्यासाठी तळ नसलेला एक प्रचंड पेटारा पाण्यात उतरवीत, आणि पाणी आत शिरू नये म्हणून त्यात जोराने हवा दाबून भरीत. मजूर त्या दाबलेल्या हवेत तासन्‌तास खोदकाम करीत. आत त्यांना विशेष त्रास होत नसे. काम संपवून बाहेर मोकळ्या हवेत आले, की मात्र कोणाचे सांधे असह्य दुखू लागत, कोणाचे पाय लुळे पडत, तर कोणी दगावतही. न्यूयॉर्क येथील ब्रुकलिनचा पूल बांधताना मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हेही १८७२ मध्ये या आजाराने कायमचे अधू झाले. खोल पाण्यातून वर येणाऱ्या पाणबुड्यांनाही हीच व्याधी जडे.

फ्रान्समधील पॉल बेर या शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये या व्याधीचे मूळ उजेडात आणले. गोटी सोड्याची बाटली फोडताना आपण काय पाहतो? बाटली बंद असते तोवर आतील पाणी शांत असते. गोटी खाली ढकलली, दाब सुटला, की सगळीकडून बुडबुडे उसळतात. बाटलीत वायू नव्हता असे नाही. दाबामुळे तो पाण्यात विरघळून राहिला होता. माणसाच्या शरीराचेही तसेच आहे. समुद्रात दहा मीटर खाली गेले की पृष्ठभागावरील हवेच्या दाबाइतका आणखी एक दाब अंगावर पडतो. वीस मीटरवर आणखी एक, तीस मीटरवर आणखी एक. पाणबुड्याला श्वासासाठी मिळणारी हवाही तितक्याच दाबाची असावी लागते. नाहीतर त्याला छाती फुलविताच येणार नाही. या दाबलेल्या हवेतील नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या इतर भागांत विरघळतो. पाणबुड्या एकदम वर आला, म्हणजे सोड्याची बाटली फोडावी तसे होते. रक्तात बुडबुडे उठतात आणि ते सांध्यांत, मज्जारज्जूत अडकून बसतात.

कारण कळले, तरी उपाय कळला नव्हता. पाणबुड्यांनी सावकाश वर यावे, एवढेच सर्वजण सांगत. पण किती सावकाश? फार वेळ खाली राहावे, तर त्या वेळातही नायट्रोजन अंगात मुरतच राहतो. ब्रिटिश आरमाराला या प्रश्नाचे नेमके उत्तर हवे होते. आरमाराने हे काम वडील हॉल्डेन यांच्यावर सोपविले. त्यांनी लंडनमधील लिस्टर संस्थेत पोलादाच्या एका बंद कोठडीत बकऱ्या ठेवून तीत हवेचा दाब वाढविला आणि मग तो निरनिराळ्या रीतींनी कमी करून पाहिला. बकऱ्याच का? कारण त्यांचे आकारमान माणसाच्या जवळपास जाते, आणि दुखू लागले की ती पुढचा पाय उचलून धरते. पाहणाऱ्याला लगेच कळते. या प्रयोगांतून आणि माणसांवरील जुन्या अनुभवांतून त्यांच्या एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. दहा मीटर खोलीवर, म्हणजे दुप्पट दाबात, माणूस कितीही वेळ राहून एकदम वर आला तरी त्याला ही व्याधी होत नाही. तर मग चौपट दाबावरून दुपटीवर येणेही तसेच निर्धोक असले पाहिजे. म्हणून पाणबुड्याने आधी दाब निम्मा होईपर्यंत भरभर वर यावे. तेथे थांबून अंगातील नायट्रोजन श्वासावाटे बाहेर जाऊ द्यावा. मग थोडे वर यावे, पुन्हा थांबावे. जिन्याच्या पायऱ्या चढावे तसे टप्प्याटप्प्याने वर येण्याची ही रीत होती. किती खोलीवर किती वेळ राहिल्यास कोठे किती मिनिटे थांबावे, याची कोष्टके त्यांनी तयार केली.

परंतु बकऱ्यांवरून काढलेले कोष्टक माणसाला लागू पडते की नाही, हे समुद्रात उतरल्यावाचून कसे कळणार? १९०६ च्या ऑगस्ट महिन्यात स्पँकर नावाची आरमारी नौका स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्यूट बेटाजवळ नांगर टाकून उभी राहिली. तेथे लॉक स्ट्रिव्हन नावाचा समुद्राचा एक अरुंद फाटा डोंगरांमध्ये शिरला आहे. पनवेलची खाडी आठवावी. पण तिच्यातला चिखल आणि ऊब काढून टाकावी, आणि काठालगतच अथांग, काळेशार, भर उन्हाळ्यातही हात बधिर करणारे पाणी मनाशी आणावे. या पाण्यात डॅमंट हे आरमारी अधिकारी आणि कॅटो हे तोफखान्याचे अधिकारी पाळीपाळीने उतरू लागले. दोघेही कसलेले पाणबुडे होते. अंगात रबरी कापडाचा पोशाख, डोक्यावर तांब्याचे शिरस्त्राण, पायांत शिशाचे जड जोडे. वरून नौकेवरची माणसे हातपंपाने नळीवाटे हवा पुरवीत. दिवसेंदिवस खोली वाढवीत अखेर ते २१० फूट, म्हणजे सुमारे ६४ मीटर खाली जाऊन आले. नव्या कोष्टकाप्रमाणे थांबत थांबत ते वर आले आणि दोघेही धडधाकट राहिले. इतक्या खोलीवरून तोवर ब्रिटिश आरमारातील कोणीही सुखरूप परतले नव्हते.

जॅक त्या वेळी शाळेच्या सुटीत वडिलांबरोबर नौकेवर होता. त्याला तेरावे वर्ष पुरे होऊन काही महिने झाले होते. प्रयोग चालू असताना वडिलांनी त्यालाही पाण्यात उतरण्याची परवानगी दिली. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा होता. मुलाच्या बारीक मनगटांवर त्याच्या बाह्या घट्ट बसेनात. तो खाली गेला आणि त्या फटींतून बर्फासारखे पाणी आत शिरू लागले. पाणी पायांत भरले, कमरेपर्यंत आले, आणखी वर चढले. अशा वेळी मोठा माणूसही घाबरून वर ओढण्याची खूण करता. जॅकला शिरस्त्राणाच्या झडपेचे काम शिकविलेले होते. झडप बेताने फिरवून आतील हवा राखली, तर पाणी डोक्यापर्यंत चढणार नाही, हे तो जाणून होता. त्याने तसे केले आणि ठरलेला वेळ तो तळाशी राहिला. वर काढला तेव्हा तो गारठून काकडला होता. पण त्याला दुसरी काही इजा झाली नव्हती.

वडिलांची कोष्टके आरमाराने स्वीकारली आणि १९०८ मध्ये ती शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढील संशोधकांनी त्यांत पुष्कळ सुधारणा केल्या. दाब निम्मा करण्याचा नियम सर्व ठिकाणी पुरेसा सुरक्षित नाही, असेही आढळून आले. तरीसुद्धा आजच्या पाणबुड्याच्या मनगटावरील लहानसे यंत्र जे गणित करते, त्याचा पाया तोच आहे.

जॅकचे शालेय जीवन सुखाचे नव्हते. ईटन येथील प्रसिद्ध शाळेत मोठी मुले त्याला फार छळीत. दंडेली करणाऱ्याविषयी त्याच्या मनात जी चीड बसली, ती कधीच गेली नाही. ऑक्सफर्डला त्याने गणित आणि प्राचीन ग्रीक-लॅटिन वाङ्मय यांचा अभ्यास केला. ज्या विषयात त्याने पुढे नाव मिळविले, त्या जीवशास्त्राची पदवी त्याच्याजवळ कधीच नव्हती!

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि हॉल्डेन सैन्यात दाखल झाले. १९१५ मध्ये जर्मनांनी क्लोरीन हा विषारी वायू रणांगणावर सोडला. त्यावर कोणता मुखवटा उपयोगी पडेल, हे पाहण्यासाठी वडील हॉल्डेन फ्रान्समध्ये आले. मुलाला खंदकातून बोलावून घेण्यात आले. पितापुत्र आणि काही सहकारी क्लोरीन भरलेल्या कोठडीत शिरत आणि मुखवटे घालून व काढून, श्वास कोठवर चालतो हे पाहत. या युद्धात हॉल्डेन दोनदा जखमी झाले, एकदा फ्रान्समध्ये आणि एकदा इराकमध्ये. दुसऱ्या जखमेनंतर त्यांना हिंदुस्थानात पाठविण्यात आले. हा देश त्यांना आवडला. परंतु राज्यकर्त्यांपैकी एक म्हणून येथे राहणे त्यांना आवडले नाही. येथील लोकांशी बरोबरीच्या नात्याने वागता येईल, तेव्हाच परत यावयाचे, असे त्यांनी मनाशी ठरविले.

युद्धानंतर ते केंब्रिज येथे आणि १९३३ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अध्यापन करू लागले. सजीवांत बदल होत होत नव्या जाती कशा निर्माण होतात, या डार्विनच्या विचाराला त्यांनी गणिताची जोड दिली. एखादा उपयुक्त गुण एका पिढीतून दुसऱ्या पिढीत किती वेगाने पसरेल, याचा हिशेब करण्याची रीत ज्या तिघांनी घालून दिली, त्यांत हॉल्डेन एक होत. ते वर्तमानपत्रांतून सामान्य माणसांना समजेल अशा भाषेत विज्ञानावर लेख लिहीत. मुलांसाठी त्यांनी एका जादूगाराच्या मजेदार गोष्टींचे पुस्तकही लिहिले. त्यांचा स्वभाव मात्र तापट होता. राजकारणात ते एकदा एक बाजू घेत आणि ती चुकीची ठरत असली तरी लवकर सोडीत नसत. त्यांच्या मित्रांनाही याचा त्रास झाला.

शरीराचे प्रयोग करताना त्यांचा एक दंडक असे. प्रयोग धोक्याचा असेल, तर तो प्रथम स्वतःवर करावयाचा. सशाला किंवा बकरीला काय वाटते, हे ती सांगू शकत नाही. माणूस सांगू शकतो. आणि सांगणारा माणूस स्वतः शास्त्रज्ञच असला, तर आणखी उत्तम. रक्तातील आम्ल वाढले तर काय होते, हे पाहण्यासाठी त्यांनी पाण्यात मिसळलेले आम्ल पिऊन पाहिले. नंतर नवसागराचे द्रावण प्याले आणि कित्येक दिवस धापा टाकीत काढले. यातूनच पुढे लहान बालकांना येणाऱ्या एका प्रकारच्या आचक्यांवर उपाय सापडला.

लहानपणी अनुभवलेल्या पाण्याकडे ते पुन्हा वळले, ते एका दुर्घटनेमुळे. १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात थेटिस नावाची ब्रिटिश पाणबुडी पहिल्याच चाचणीत बुडाली. तिच्यावर खलाशांबरोबर ती बांधणारे पुष्कळ कारागीरही होते. त्यामुळे आत नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट माणसे होती. चारजण सुटकेच्या दारातून निसटून वर आले. ९९ जण आतच मेले. पाण्याबाहेर दिसणारे तिचे शेपूट बचावाच्या बोटींनी पाहिले, आणि तरीही माणसे वाचली नाहीत, याने सारा देश हळहळला. बळी पडलेल्या कारागिरांच्या संघटनेने हॉल्डेन यांना विनंती केली की, आमची माणसे कशी मेली आणि त्यांना बाहेर का पडता आले नाही, हे शोधून काढावे.

मृतांना विचारता येत नव्हते. म्हणून हॉल्डेन यांनी मृतांच्या जागी स्वतःला ठेवले. स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेल्या चार धाडसी माणसांना बरोबर घेऊन ते लंडनमधील एका कारखान्यातील पोलादी कोठडीत शिरले आणि दार बंद करून घेतले. पाणबुडीतील माणसांप्रमाणेच ते पाचजण एकमेकांच्या उच्छ्वासाने दूषित होत जाणाऱ्या हवेत बसून राहिले. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढू लागला. धाप लागली, डोके ठणकू लागले, मन मंद झाले. पुढे सुटकेच्या उपकरणातून शुद्ध ऑक्सिजन घेतला, तेव्हा आराम पडण्याऐवजी काहींना ओकारी आली. पाण्याखाली तोंडात नळी धरून सुटू पाहणाऱ्या माणसाला नेमक्या त्याच क्षणी ओकारी आली, तर त्याची काय गत होईल? शेवटच्या प्रयत्नांत काहीजण कसे बुडाले असावेत, याचे उत्तर त्या कोठडीत मिळाले. हॉल्डेन यांनी ते चौकशी मंडळापुढे मांडले.

त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले, आणि ज्या आरमाराच्या व्यवस्थेवर हॉल्डेन यांनी टीका केली होती, त्याच आरमाराने त्यांना कामाला बोलावले. छोट्या पाणबुड्यांतून आणि पाण्याखालून पोहत जाऊन शत्रूच्या बंदरात शिरावयाचे, अशा योजना आखल्या जात होत्या. अशा माणसाचे शरीर खोल आणि थंड पाण्यात काय काय सहन करू शकेल, हे आधी कळणे आवश्यक होते. हॉल्डेन यांनी आपल्या सहकाऱ्यांचा एक गट जमविला. त्यात त्यांच्या भावी पत्नी हेलन स्परवे याही होत्या. एखादा बॉयलर आडवा ठेवावा तशी ती कोठडी होती. तीत माणसाला बसता येई. नीट उभे राहता येत नसे. आत हवेचा दाब भराभर वाढविला की हवा भट्टीसारखी तापे. कमी केला की एकाएकी गारठा येई आणि धुके दाटे. दहापट दाबात हवा इतकी दाट होई की हाताने वारा घेऊ गेले तर हाताला ती जाणवे. तेवढ्या दाबात साधा गुणाकार चुके आणि चुकला हे ध्यानातही येत नसे. कोणी उगीच हसत सुटे. नायट्रोजनची ही नशाच होती. खोल पाण्यातला पाणबुडा मूर्खपणाच्या चुका का करतो, ते यावरून कळले.

त्यानंतर थंडीची पाळी आली. उत्तरेकडील समुद्राचे पाणी किती थंड असते, हे हॉल्डेन यांना तेराव्या वर्षीच कळले होते. वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यात अंग बुडवून, कार्बन डायऑक्साइडमिश्रित हवा श्वासात घेत आणि त्यावर हवेचा दाब वाढवीत, ते व त्यांचे सहकारी बसत. अशा एका प्रयोगात गटापैकी एकजण पस्तीस मिनिटांनंतर बेशुद्ध झाला. दाब, दूषित हवा आणि थंडी यांपैकी एकटीदुकटी गोष्ट माणूस सोसतो; तिन्ही एकत्र आल्या की त्याची शुद्ध हरपते, हे त्यावरून दिसून आले.

पोहत जाणाऱ्या सैनिकांना शुद्ध ऑक्सिजनवर श्वास घ्यावा लागे; साध्या हवेचे बुडबुडे वर येऊन शत्रूला चाहूल लागली असती. ज्या ऑक्सिजनवर आपण जगतो, तोच दाबाखाली विष ठरतो, हे पॉल बेर यांनी पूर्वीच दाखविले होते. पण किती दाबाला, किती वेळात? हे पाहताना हॉल्डेन यांना स्वतःला इतके जोराचे झटके आले की त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. त्यानंतर जन्मभर त्यांना पाठदुखी सोसावी लागली. बसताना उशी लागे. दाब वाढवताना आणि उतरवताना त्यांच्या कानाच्या पडद्यांना भोके पडली. त्यामुळे थोडे बहिरेपण येते हे खरे, पण विडीचा धूर कानातून सोडून पाहुण्यांना चकित करता येते, असा विनोद ते करीत. गटातील दुसऱ्या एकाचे फुप्फुस फुटले. तो पुढे बरा झाला. या सर्व त्रासातून ऑक्सिजन किती खोलीपर्यंत वापरावा, याच्या मर्यादा आखण्यास मदत झाली.

या सुमारास, १९४३ मध्ये, फ्रान्समध्ये कुस्टो आणि गान्यां या दोघांनी पाठीवरच्या नळकांड्यातून हवी तेवढीच हवा देणारे सुटसुटीत उपकरण बनविले. त्यामुळे शिरस्त्राण, शिशाचे जोडे आणि हातपंप यांची गरज उरली नाही. समुद्राचा तळ आरमारी माणसांपुरता राहिला नाही. हौसेने उतरणाऱ्यालाही तो खुला झाला. उपकरण नवे होते; पण दाबाचे आणि नायट्रोजनचे नियम जुनेच राहिले. ते ज्यांनी शोधले होते, त्यांचीच कोष्टके हौशी पाणबुड्यांनाही मार्गदर्शक ठरली.

१९५७ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, हॉल्डेन यांनी आपला जुना निश्चय खरा केला. इंग्लंडने इजिप्तवर केलेल्या हल्ल्याचा त्यांना अतिशय संताप आला होता. प्राध्यापक महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून ते पत्नीसह कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. ते सदरा व धोतर वापरू लागले, मांसाहार सोडला आणि पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. महागड्या यंत्रांवाचून संशोधन होत नाही, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. ते विद्यार्थ्यांना घराबाहेर नेत आणि मोजावयास लावीत. फुलावर बसणारी फुलपाखरे कोणता रंग पसंत करतात, गांडुळे किती माती वर आणतात, हे मोजा, असे ते सांगत. त्यांच्या एका सहकाऱ्याने हजारो माडांची पाहणी केली. काही माडांची झावळे डावीकडे वळत वर चढतात, तर काहींची उजवीकडे. आणि डावीकडे वळणाऱ्या माडांना नारळ थोडे अधिक लागतात, असे त्याला आढळले. आपल्या कोकणातील वाडीत जन्म काढलेल्या किती जणांनी हे कधी न्याहाळले असेल!

१९६२ मध्ये ते भुवनेश्वरला गेले आणि तेथे ओरिसा सरकारच्या साहाय्याने त्यांनी आनुवंशशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. पुढच्या वर्षी त्यांना कर्करोग असल्याचे निदान झाले. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयात पडल्यापडल्या त्यांनी आपल्याच रोगावर एक विनोदी कविता लिहून प्रसिद्ध केली. लोकांनी या रोगाची लक्षणे लपवू नयेत, वेळीच वैद्याकडे जावे, हा त्यामागील हेतू होता. काहींना ती कविता रुचली नाही. आपल्या मृत्यूनंतर दाखविली जावी म्हणून दूरचित्रवाणीवर त्यांनी स्वतःच स्वतःच्या जीवनाचा आढावाही सांगून ठेवला.

भुवनेश्वर येथे १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्यभर ज्या देहावर त्यांनी प्रयोग केले, त्याची व्यवस्था त्यांनी आधीच लावून ठेवली होती. त्यांच्या इच्छेप्रमाणे तो आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाकडे, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी, रवाना करण्यात आला.